कोंडाजींना दिलेला मेमो

माननीय अध्यक्ष श्री. ललित देवरे साहेब, व्यासपीठावरील मान्यवर, समोर बसलेल्या आदरणीय सगुणाबाई आणि सहकारी मित्रहो,

हा समारंभ कोंडाजी गायखे यांच्या निवृत्तीचा ठरला होता. अठरा दिवसांपूर्वी ते गेले. तरी तो व्हावा, असं त्यांच्या पत्नी सगुणाबाईंनी कळवलं, याबद्दल आपण त्यांचे ऋणी आहोत. मला भाषणाची सवय नाही. आज मात्र मी स्वतःहून नाव दिलं.

दोन वर्षांपूर्वी मी थ्रीडी प्रिंटिंगसाठी विमानातला एक ब्रॅकेट डिझाइन केला. जिथे भार येत नाही, तिथला धातू संगणकाने काढून टाकला आणि वजन निम्म्यावर आलं. प्रिंट झाल्यावर कोंडाजींनी तो मिलिंग मशीनच्या व्हाइसमध्ये घट्ट आवळून त्याला दोन भोकं पाडायची होती. त्यांनी तो हातात फिरवून पाहिला.

"लय देखणा झालाय साहेब. पण व्हाइसच्या जबड्यात धरायचा कुठं? ह्याला सपाट बाजूच नाय."

मी काय उत्तर दिलं? सगळ्यांसमोर म्हणालो, "कोंडाजी, तुमच्या व्हाइससाठी मी विमान जड करू का?" इथले बरेच जण तेव्हा हसले होते.

नऊ ब्रॅकेट मशीनवर सरकून वाया गेले. अहवालात मी कारण लिहिलं, 'कामगाराचा निष्काळजीपणा'. कोंडाजींना मेमो मिळाला. छत्तीस वर्षांतला पहिला.

आठवड्याने त्यांनी माझ्या टेबलावर एक कागद ठेवला. पेन्सिलीने काढलेला माझाच ब्रॅकेट, त्याला तीन छोटे कान. "ह्यांना धरून भोकं मारू, मग कान कापून टाकू. वजन तेवढंच राहतंय." मेमोचा विषय त्यांनी काढला नाही. मीही नाही. ते कान मी डिझाइनमध्ये घातले आणि त्या डिझाइनबद्दल याच सभागृहात माझा सत्कार झाला. कोंडाजी तिसऱ्या रांगेत टाळ्या वाजवत होते.

त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी सांगू, असं मनात होतं. खरंच सांगितलं असतं का? माहीत नाही.

सगुणाबाई, पंचवटीत दशक्रियेला तुम्ही मला विचारलंत, "साहेब, त्यांच्या हातून तेव्हा काय बिघडलं हो?" मी मान खाली घालून निघून आलो. त्यांच्या हातून काहीही बिघडलं नव्हतं. चूक माझी होती आणि ती मला तेव्हाही माहीत होती. तसं आज सकाळी लिहून, सही करून अध्यक्षसाहेबांना दिलं आहे. मेमो रद्द करून त्याची प्रत तुमच्या घरी यावी, अशी विनंती केली आहे.

बोलू दिल्याबद्दल आयोजकांचा आभारी आहे. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर सभागृहाने सांभाळून घ्यावं. त्या अहवालाबद्दल मात्र मला कोणी सांभाळून घेऊ नये.