पप्पांच्या खुर्चीतलं आमेन

…आणि वर आमेन कोणी म्हणायचं? मीच! नाही, तुम्हीच सांगा, मला खुर्चीवरून उठव अशी प्रार्थना लोक रोज सकाळी माझ्याच कार्यक्रमात फोन करून करतात, मी ती हेडफोन लावून ऐकतो आणि वर गोड आवाजात 'धन्यवाद, ताई' म्हणतो. आहे का दुसरा कोणी असा?

ही ख्रिस्ती रेडिओसेवा पप्पांनी उभी केली. एक खोली, भिंतींना फोम, मध्ये काच, काचेपलीकडे साउंडवाले काका. पप्पा, म्हणजे श्रोत्यांचे भाऊ, नुसतं 'लेकरांनो' म्हणाले की घरोघरी गॅसवरचं दूध उतू जायचं. मग त्यांच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, माणूस वाचला, आवाज कायमचा गेला. विश्वस्त म्हणाले, 'घरातलाच मुलगा आहे, आणखी काय पाहिजे?' चढवलं मला हरभऱ्याच्या झाडावर.

पण आवाज गेला हे लोकांना सांगायचं नाही. मम्मी म्हणाली, 'एवढ्यात नको रे, त्यांचा धीर सुटेल.' म्हणून मी रोज सांगायचो, पप्पा विश्रांती घेताहेत. तिथंच फसलो. विश्रांती म्हटल्यावर लोक वाट बघणारच ना…

पहिला फोन एका आजींचा, ठरलेला. 'हे प्रभू, आमच्या भाऊंना लवकर माईकवर आण. हा मुलगा चांगलाय, प्रभू, पण… तुला माहीतच आहे.' आता प्रभूला काय माहीत आहे? मी घाईघाईनं बोलतो, संदेश देताना माझा आवाज चिरकतो, हे वरपर्यंत पोचवायची काही गरज? बरं, थेट प्रसारण, फोन कापता येत नाही. आणि आमेन कोणी म्हणायचं? मीच.

त्यात पप्पा रोज येतात. गळ्याला मफलर गुंडाळून काकांशेजारी बसतात. मी बोलायला लागलो की त्यांचे ओठ हलतात, माझ्या आधी. पुढचं वाक्य मला त्यांच्या तोंडावर दिसतं हो, आणि तरी मी ते चुकतो. वाईट वाटतं. फार वाईट वाटतं.

काल मात्र जिन्यातच त्यांनी माझा दंड धरला. बोट गळ्याकडे नेलं, मग माझ्याकडे. सांगून टाक. आजींचा फोन आला आणि मी सांगून टाकलं, पप्पांचा आवाज परत येणार नाही, आता मीच आहे. रेडिओवर शांतता म्हणजे गुन्हा, काका पलीकडून हातवारे करताहेत, बोल, बोल, आणि मी आपला डोळे पुसतोय.

आजीच बोलल्या शेवटी. 'रडू नको, बाळा. आजपासून तुझ्यासाठी मागते.' तुम्हाला सांगतो, इतक्या महिन्यांत माझ्यासाठी कोणी काही मागितलंच नव्हतं. मी डोळे मिटले.

'हे प्रभू, भाऊ आता बोलणार नाहीत, तुझी मर्जी. पण निदान ह्या पोराला तरी जरा सावकाश बोलायला शिकव.'

डोळे उघडले, तर काचेपलीकडे पप्पा हात जोडून उभे. ओठ हलले. आमेन. आवाज नव्हता, पण माझ्या लग्नातसुद्धा त्यांनी ते इतक्या मनापासून म्हटलं नव्हतं.