जैतुनबीच्या नावावरची बिडी

जैतुनबीवर खोटा दंड लागला तो दुष्काळाच्या साली, पोळ्यानंतरच्या पहिल्या बाजारच्या दिवशी, दुपारच्या भाकरी चालू असताना. हे आधी लिहा, मग बाकीचं. ती जैतुनबी मीच. दंड कशाचा, तर हॉटेलात बिडी वढली म्हणून. आन मी जन्मात बिडी तोंडाला लावली न्हाई.

माझं माहेर माजलगावकडचं, बाप पिंजारी, गाद्या भरायचा. लगीन होऊन दिंद्रुडला आले. मालक इंजिनं दुरुस्त करायचे, ते लवकर गेले. मग काय सांगू तुम्हाला, माझ्या हातात काय होतं, तर भाकर होती. नाक्यावर अण्णांचं हॉटेल, म्होरं टेबल-खुर्च्या, बाजूला बिडी पिणाऱ्यांची खोली, आन मागं पत्र्याखाली माझी चूल. अठरा वर्सं थापल्या भाकरी त्या चुलीवर. गिऱ्हाईक मला खाला, म्हंजे मावशी, म्हणायचं, पैलवान गडी सुद्दा खाला म्हणायचे.

मग हॉटेलात बिडी-सिगरेट वढायला बंदी आली. ग्रामपंचायतीनं ठराव घेतला, पथक फिरायला लागलं, अण्णानं म्होरं पाटी लावली, टेबलावरच्या राखेच्या वाट्या उचलल्या, काड्यापेट्या उचलल्या. पयल्या महिन्यात पिणाऱ्यांची खोली वस पडली. अण्णा म्हणायचा, खाला, आता दोघं मिळून माशा मारू. पण खरं सांगते, कायदा वाईट न्हवता. कपिलधारला देवाला जाणाऱ्या बाया लेकरं घेऊन म्होरं बसायला लागल्या, आधी त्या गाडीतच डबा खायच्या. मला लई बरं वाटायचं, बाई माणूस टेबलाला बसून माझी भाकर खातंय म्हणून.

आता चूक कुठं झाली ते ऐका. आमच्याकडं इस्तू मागायला आलेल्याला न्हाई म्हणत न्हाईत, इस्तू म्हंजे चुलीतला निखारा. दुष्मन आला तरी द्यायचा, अशी रीत हाय. काड्यापेट्या गेल्या तसं एकेक गडी मागं यायला लागला, खाला, जरा इस्तू दे. मी उलथण्यावर निखारा धरायचे. आन तो तिथंच बसायचा. कशाला उठंल? रान वाळलेलं, सहकारी कारखान्याला ऊस न्हाई म्हणून गाळप बंद, घरी जाऊन करायचं काय. सगळ्यांच्या मनात एकच, हॉटेल म्हंजे खुर्च्या हायत तेवढंच, चुलीपाशी कायदा येत न्हाई. अण्णाला तसंच वाटायचं, मलाबी तसंच वाटायचं. म्होरची हवा साफ झाली आन समदा धूर माझ्या पत्र्याखाली आला. चुलीचा धूर वर जातो, बिडीचा तोंडासमोर बसतो. खोकला लागला. अंबाजोगाईला दाखवाय गेलते तर डाक्टर म्हणला, आजी, किती वर्सं वढता? मी म्हणलं, मी न्हाई वढत, माझं गिऱ्हाईक वढतंय. तो हसला. त्याला खरं वाटलं न्हाई.

त्या दिवशी चुलीपाशी सातजण होते, त्यात सोसायटीचे संचालक निवृत्तीराव. पथक मागल्या बाजूनं आलं. सहाजण पांगले, निवृत्तीरावांनी बिडी चुलीत टाकली आन पाटावर बसून ऱ्हायले, जसं काय भाकरीची वाट बघतेत. खाली थोटकं पडलेली, ढीगच. साहेबानं इचारलं, कुणाची? अण्णानं एकदा निवृत्तीरावांकडं बघितलं आन म्हणला, “म्हातारी वढती साहेब, सवय हाय तिला.”

माझा हात पिठात तसाच ऱ्हायला. मी निवृत्तीरावांकडं बघितलं, ते चपलेचा अंगठा बघत होते. अण्णा माझ्या कानापाशी आला, म्हणला, खाला, सही कर, दंड मी भरतो, न्हाईतर हॉटेल बंद व्हईल आन तुझी चूलबी जाईल. माझं सोसायटीचं कर्ज निवृत्तीरावांच्याच सहीनं हाय, मला बोलता येत न्हाई, असं म्हणला. मी सही केली. मला सही येती, अंगठा न्हाई देत मी. ती सही माझीच हाय, त्याचा दोष मी कुणाला देत न्हाई.

पंधरा दिवसांनी अण्णानं मला काढलं. पथक परत आलं तर काय, म्हणला, तुझं नाव कागदावर हाय. मग शाळेच्या खिचडीला बाई पायजे होती, मी अर्ज दिला. समितीत म्हणले, बिडी वढणारी बाई लेकरांच्या जेवणाला नको. निवृत्तीराव त्या समितीत हायत. एका शब्दानं बोलले न्हाईत. आता मी घरी बसते, सून दोन घरची धुणी करती, मी खोकते. बाया मला बघून पदर नाकाला लावतेत, हसत हसत लावतेत, पण लावतेत.

बंदी काढा असं मी म्हणत न्हाई. बंदी ऱ्हाऊ द्या, चुलीपर्यंत आणा. माझ्या नावावरची बिडी तेवढी काढा. तहसील कचेरीत अर्ज दिलाय, साक्षीदाराची जागा कोरी हाय. हे वाचणाऱ्या बाबा, त्या सातातला तू असशील, न्हाईतर त्यातला एक तुझ्या वळखीचा असंल. अठरा वर्सं माझ्या हातची भाकर खाल्लीस, निखारा माझ्या हातनं घेतलास. येत्या गुरवारी कचेरीत ये आन त्या कोऱ्या जागेवर सही कर.