पहिला नंबर आणि रुक्मिणीमावशीच्या पोळ्या

...आणि वर लोक म्हणतात, अभिनंदन! कसलं डोंबलाचं अभिनंदन? तुम्हाला सांगतो, आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये पाय ठेवायची चोरी झाली होती मला, सहा मजले जिन्याने चढत होतो! आकडा खोटा नव्हता हो... पण ऐका तरी!

मरोळच्या ऑफिसात माझं काम काय, तर देशांचे नंबर लावायचे. कोण किती वीज-इंधन जाळतो, किती धूर सोडतो, त्यात माल किती काढतो... हे आमच्या सेक्रेटरी राजेशला कळलं आणि वाट लागली! "हर्षद, देशांचे लावतोस ना? मग सोसायटीतल्या घरांचे लाव की यार! लिफ्टमध्ये चिकटवू, लोकांना जरा लाज वाटेल!" लावले. घरोघरचे वीज-गॅसचे युनिट घेतले, माणसांनी भागले, कमी जाळणारा वर, यादी तयार. पहिला कोण? मी! शेवटची कोण? तळमजल्यावरची रुक्मिणीमावशी! एकटी बाई आणि गॅस बारा माणसांचा. आकडा खोटा नव्हता हो!

आता हा गॅस जातो कुठे? पोळ्यांना! रोज दीडशे लाटते बाई. आणि खातं कोण? आम्ही, सगळी बिल्डिंग! माझ्या घरात चार वर्षं तवा तापलेला नाही. पोळ्या मावशीच्या, कपडे खाली दशरथकडे इस्त्रीला... मग माझा मीटर कशाला पळेल? बरं, मला हे ठाऊक नव्हतं? अहो, हाच तर माझा धंदा! श्रीमंत देश कारखाने दुसऱ्याच्या दारात नेतात, माल घरी आणतात, धूर तिकडच्यांच्या नावावर... ऑफिसात मी हे तळटीपेत लिहितो! लिफ्टमध्ये तळटीप लावली नाही. का? पहिला आलो होतो ना! लाज वाटते सांगायला, पण गोड लागलं ते.

चौथ्या दिवशी मावशी दारात, हातात रिकामा डबा. "हर्षदा, उद्यापासून पोळ्या बंद हां. अख्ख्या बिल्डिंगला माझा धूर होतो म्हणे... कोकणातून आल्यापासून कुणाला त्रास दिला नाही रे मी." आणि डोळ्याला पदर! माझी बायको सपना माझ्याकडे बघतेय... नुसती बघतेय! आकडा खोटा नव्हता, म्हणायला तोंड उघडलं आणि तिच्या हातातला रिकामा डबा घेतला.

त्याच संध्याकाळी नवी यादी केली. जो खातो, धूर त्याचा! मावशी पहिली, इस्त्रीसकट मी शेवटचा. वर मोठ्या अक्षरात लिहिलं, "चूक माझी." स्वतः चिकटवली आणि गेलो माफी मागायला.

मावशीने सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे मेल्या, हे तुला आधीच ठाऊक होतं?"

"हो."

मला वाटलं, आता लाटणं बसतंय... तर पोळपाट सरकवला पुढ्यात! "बाकीच्यांच्या मी करीन. तुझा धूर तू कर. बस, लाट!"

तेव्हापासून रोज सकाळी ऑफिसच्या आधी मी मावशीच्या ओट्याशी. जन्मभर देशांचे नंबर लावले ना, आता देशांचे नकाशे लाटतोय! काल ऑस्ट्रेलिया झाला, तोही करपला, तळमजलाभर धूर... मावशी खोकत खोकत उठली, भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने लिहिलं, 'हर्षदचा धूर, एक.'

आकडा खोटा नव्हता हो.