वादीतली हिरवी फांदी

गॅस संपला म्हणून एवढं काय रडताय? नव्वदच्या दशकात दुबईपलीकडच्या रास अल खैमात आमच्या लेबर कॅम्पात शुक्रवारचं मटण चुलीवरच व्हायचं. लाकडं डोंगरातल्या वादीतून, म्हणजे कोरड्या ओढ्यातून, आपणच तोडून डोक्यावरून आणायची.

एकदा आमच्या चिपळूणच्या गण्याने सवयीने हिरवी फांदीच उतरवली. तेवढ्यात मागे पिकअप थांबली. आतून एक म्हातारा अरब उतरला, हातात लांब दांड्याची कुऱ्हाड. आम्हाला परतीचं विमान दिसायला लागलं.

"ये क्या किया?"

गण्या भोळा. गावच्याच भरवशावर म्हणाला, "बाबा, टेन्शन नहीं. बारिश में फिर फुटेगा."

म्हाताऱ्याने आधी आभाळाकडे बघितलं, मग गण्याकडे. "बारिश? कब?"

पण पोलीस काही त्याने बोलावले नाहीत. म्हणाला, "सूखा लकडी ले जाओ. लेकिन हर जुमा इसको पानी तुम देगा. खलास."

गण्या खरंच दर शुक्रवारी पाण्याचा कॅन खांद्यावर घेऊन जायचा. आम्ही हसायचो. उन्हाळा सरता सरता तोडल्या जागी कोंब आला. म्हाताऱ्याने तो वाकून नीट बघितला आणि आमची मोळी पिकअपमध्ये टाकली.

त्यानंतर मोळी डोक्यावर घ्यायची वेळच आली नाही. गण्याचं नाव म्हाताऱ्याने कधी विचारलं नाही. शुक्रवारी कॅम्पच्या गेटवर हॉर्न वाजायचा आणि तो गण्याला हाक मारायचा, "यल्ला, चलो बारिश, बैठो."