पोरांचा सिनेमा

तुम्ही म्हणता, बोलणाऱ्या जनावरांचा सिनेमा पोरांनी बघावा, मोठ्यांचं तिथं काय काम? मीही असंच म्हणायचो. आणीबाणी नुकतीच उठली होती, तेव्हाची गोष्ट.

माझे चुलते, तात्या, रहिमतपूरहून साताऱ्याला आमच्याकडे आले होते. फौजेतून निवृत्त झालेला, कमी बोलणारा माणूस. माझ्या सहा वर्षांच्या सुमीनं हट्टच धरला, म्हणून दुपारच्या खेळाला तेही आले. पडद्यावर गाढव बोलायला लागलं, तसे तात्या पोरांपेक्षा मोठ्यानं हसले. मग एक जखमी घोडा मालकाला म्हणाला, "मला इथंच ठेवून चाललास?" तात्या उठले आणि थेट बाहेर गेले.

आम्ही दोघं मागोमाग गेलो. तात्या थेटराच्या पायरीवर डोळे पुसत बसले होते. सुमी त्यांच्या शेजारी टेकली.

"आजोबा, रडू नका. ते खोटं असतं. घोडे बोलत नाहीत."

तात्यांनी तिला जवळ घेतलं. "फौजेत माझ्याकडं एक खेचरी हुती, बाळ. राणी म्हणायचो तिला. माझं सामान तीच वाहायची. डोंगरात तिचा पाय मोडला आन् आमाला माघारी फिरायचा हुकूम आला. तवा तिला बर्फात सोडून आलो. ती नुसती बघत राह्यली."

"काहीच बोलली नाही?" सुमीनं विचारलं.

"न्हाई. बोलली असती, तर माझा पाय निघाला नसता गं."