एप्रनच्या खिशातला कागद

नको, पाणी नको, मी घरून पिऊन आलेय. आणि दार लोटून घ्या हो मॅडम, बाहेर ती मुलं उभी आहेत, तुमचेच विद्यार्थी ना — पण कडी नका लावू. नुसतं लोटा. हं, असं. तर मी काय म्हणत होते — हजेरीचं. आमची मुलगी तुमच्या हाताखाली आहे, क्लिनिकल सायकॉलॉजीचं दुसरं वर्ष, गेल्या महिन्यापासून इथे बायकांच्या वॉर्डात ट्रेनिंग. सकाळी आठला जाते, संध्याकाळी सातला उगवते, आल्यावर वह्या भरत बसते. म्हटलं बघून यावं, खरंच इथे असते का दिवसभर. आईला काळजी वाटणारच ना? — ते पेन खाली ठेवता का जरा? हजेरीच्या चौकशीत लिहून घेण्यासारखं काय आहे? नाही, तुम्ही फक्त टोपण काढलंत, पण मला टोपण काढलं की समजतं.

मी शिवणकाम करते. तीस वर्षं झाली. शाळांचे गणवेश, दवाखान्यांचे एप्रन, हे तुम्ही घातलंय तसले — तुमचा खांद्यात सैल आहे, पण ते असू दे. सांगायचं म्हणजे, माणूस दारातून आत आलं की टेप न लावता मला माप कळतं. त्यामुळे कुणी आपलं माप घ्यायला लागलं की तेही कळतं. आमची पोरगी गेलं वर्षभर माझं माप घेतेय. पूर्वी मी विचारलं, भाजीत मीठ जास्त झालं का गं, तर म्हणायची, गिळवत नाही. संपला विषय. आता म्हणते, ‘तुला तसं का वाटलं आई?’ अगं, मीठ आहे ते, त्यात वाटायचं काय? पूर्वी भांडण झालं की ताट आपटायची. आता गप्प बसते, मान हलवते, डोळे असे मऊ करते — हे, हे तुम्ही आता करताय ना, अगदी असंच. म्हणजे तुम्हीच शिकवता हे. मला वाटलंच.

परीक्षा जवळ आली तेव्हा घरात प्रयोग सुरू झाले. धाकट्याला, कॉलेजात जाणाऱ्या घोड्याला, ठोकळे जुळवायला बसवलं, हातात घड्याळ घेऊन. तो खूश, त्याला काय. मग माझ्यासमोर ती शाईच्या डागांची कार्डं. म्हणे, आई, यात काय दिसतं सांग. मी म्हटलं, शाई दिसते. तर बाईसाहेबांनी ते लिहून घेतलं. आता मला सांगा, शाईला शाई म्हटलं यात लिहिण्यासारखं काय आहे? — काहीतरी असणार. तुम्ही सांगणार नाही. ठीक आहे.

पण मी त्यासाठी नाही आले. हा कागद बघा. तिचा एप्रन धुवायला घेतला, खिशात सापडला, चार घड्या घातलेला. मी कुणाचे कागद वाचणारी बाई नाही, भिजू नये म्हणून बाहेर काढला, आणि उघडला तो वाळलाय का बघायला. — भिजायच्या आधीच काढला, बरोबर आहे तुमचं. वाचला मी. हो, वाचला. अक्षर तिचंच आहे. बघा काय लिहिलंय: ‘स्त्री, वय त्रेपन्न, दोन मुलं. माणसांवर चटकन विश्वास ठेवत नाही. घरातून निघताना दाराची कडी पाच-पाच वेळा तपासते. पूर्वी एकदा मनोरुग्णालयात दाखल होती, त्याविषयी बोलणं टाळते.’ खाली प्रश्न आहेत, पहिल्या भेटीत काय विचाराल, कुठून सुरुवात कराल, असे. आता मला बावन्न चालू आहे. एक वर्ष मुद्दाम वाढवलंय, आईच्या हाती लागलं तरी ओळखू येऊ नये म्हणून. हुशार आहे ती.

नाही, म्हणजे मी असं म्हणत नाही की ती मीच आहे. दोन मुलं हजार बायकांना असतात. मी एवढंच विचारतेय, इथे जुने कागद ठेवतात का हो? किती जुने? अठरा वर्षांपूर्वीचे असतील? — सहज विचारतेय. माझी एक जाऊ होती, लांबची, तिला ठेवलं होतं इथे. सात आठवडे. तिची फाईल असेल का, आणि ती ट्रेनिंगच्या मुलींच्या हाती पडते का? परवानगीशिवाय पडत नाही. बरं. परवानगी कोण देतं? तुम्हीच ना? मग झालं तर.

जावेचं काय झालं होतं विचारताय? बाळंतपणानंतरचं होतं. दुसरं मूल, चाळीस दिवसांचं. झोप उडाली तिची. आधी तिला वाटायला लागलं, खालच्या मजल्यावरची बाई दुधात काहीतरी कालवते. मग वाटलं, टोचायला येणारी नर्स त्यांना सामील आहे. मग सासूबाई. कुणाला सांगायची सोय नाही, कारण ज्याला सांगावं तोही त्यातलाच निघाला तर? एके दिवशी सकाळी नऊला नवरा कामावर गेला आणि तिनं बाळाला उचललं, आतल्या खोलीत गेली, कडी लावली. त्याला वाचवायला, मॅडम. लोक पुढे म्हणाले, जिवावर उठली होती. त्याला वाचवायला गेले होते मी —

हो. मीच. कसली जाऊ. यांना भाऊच नाही.

तुम्ही बोलू नका काही, मला एकदा सांगून होऊ दे, नाहीतर परत जमायचं नाही. थोरली तेव्हा सहा वर्षांची होती. दाराबाहेर. सकाळी नऊपासून हे संध्याकाळी येईपर्यंत ती दाराबाहेर बसून होती. रडली नाही. आधी म्हणाली, आई, मला वेणी घालून दे. मग म्हणाली, बाळ उठलं का. दुपारी तिला वाटलं असेल, आई उपाशी आहे. तर तिनं डब्यातली बिस्किटं काढली आणि दाराखालच्या फटीतून एकेक करून आत सरकवायला लागली. एक सरकवायची आणि म्हणायची, ‘घेतलंस?’ मी काहीच बोलायचे नाही. परत दुसरं. अकरा बिस्किटं होती. मी — एकही खाल्लं नाही मी. भिंतीला पाठ लावून बसले, बाळाला घट्ट धरून, आणि त्या बिस्किटांकडे बघत राहिले. मला वाटलं, हिलाही त्यांनी फितवलंय. सहा वर्षांच्या पोरीवर संशय घेतला मी, मॅडम. पायानं ती बिस्किटं परत बाहेर ढकलली.

बाकीचं मला चालतं. वेडी होते म्हणा, औषधं घेतली म्हणा, मला त्याची लाज नाही, आजार होता, बरा झाला. घरी परतले तेव्हा तिला सांगितलं होतं की आई आजीकडे गेली होती, आजीला बरं नव्हतं. तिनं मान हलवली. पुन्हा कधी विचारलं नाही. पण ते बिस्किटांचं मी इथल्या डॉक्टरांना सांगितलं होतं, आणि त्यांनी ते लिहून घेतलं होतं, माझ्यासमोर. ते वाक्य या इमारतीत कुठेतरी आहे. आणि माझी मुलगी रोज सकाळी डबा घेऊन याच इमारतीत येते. एवढे विषय पडलेत जगात, हिला नेमका हाच का सुचला? बारावीला होती तेव्हाच म्हणाली, मला हे शिकायचंय. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती.

काय? — काय म्हणालात? सरावाचा? म्हणजे हा कागद तुम्ही दिलाय? सगळ्यांना? तुमच्या मनानं रचलेली बाई, दरवर्षी तीच, मुलांनी आपल्या हातानं उतरवून घ्यायची — थांबा, दाखवा. हे तुमचं टंकलेलं. त्रेपन्न. दोन मुलं. कडी. शब्द न् शब्द तोच. वर्गातल्या चौदाही मुलांकडे आहे? मग... अशी बाई कुठे नाहीच? पण तुम्ही रचलीत कशावरून? बरीच वर्षं अशा बायका बघितल्यात म्हणून. म्हणजे माझ्यासारख्या आणखी आहेत. — एक मात्र तुमचं चुकलंय. ‘दाराची कडी तपासते’ लिहिलंय, म्हणजे लागली का ते. मी ते नाही बघत. मी आतल्या खोलीची कडी निघते का ते बघते. पाच वेळा. बाहेर पडायच्या आधी.

म्हणजे तिला काहीच माहीत नाही. आणि मी येऊन तुम्हाला सगळं सांगून बसले. छान. हेही तुमच्या शिकवण्यातलंच असेल, गप्प बसायचं आणि समोरच्याला बोलू द्यायचं. मीही काय, मुलीला नावं ठेवते आणि स्वतः... नाही, रडत नाहीये. तो रुमालांचा डबा लांब करा.

तिला आठवत असेल का हो? सहा वर्षांचं मूल काय काय लक्षात ठेवतं, तुमच्या पुस्तकात असेल की. — तिलाच विचारू? मी? म्हणजे कसं विचारायचं, जेवता जेवता? आणि ती म्हणाली, हो, आठवतं, तर मी पुढे काय बोलायचं? — ‘त्याच्यापुढे काही बोलायला लागणार नाही.’ तुम्हाला म्हणायला सोपं आहे. तुमची मुलगी नाही ती.

तिची जेवणाची सुट्टी कधी होते? एक वाजता. म्हणजे वीस मिनिटं आहेत. बायकांचा वॉर्ड दुसऱ्या मजल्यावर, डावीकडेच ना अजून? उजवीकडे हलवला. बरं. नाही, सोबत येऊ नका, मी बाहेर बाकावर बसते, ती जिन्यानंच उतरेल. आणि तिला फोन करून कळवू नका. आधी कळलं की ती चेहरा तयार करून येते, तो मऊ डोळ्यांचा, तुमच्याकडे शिकलेला. मला तो नकोय. — बसा, उठू नका. तुमचं चालू द्या.