सत्कारापुरता उजेड

—ती नका बघू मॅडम, ती थंडीची शाल हाये. तुम्हाला पाह्यजे सत्काराची. बसा ना, पाय वर घेऊन बसा गादीवर, ही काय बँक न्हाई. तर दोन्हीतला फरक सांगतो. थंडीची शाल माणूस चिमटीत धरून बघतो, अन् सत्काराची बघतो लांबून — फोटोवाला उभा राहतो ना, तेवढ्या लांबून. काठ चमकला, बस. उबेशी तिचा काही संबंध न्हाई. ती खांद्यावर येती, टाळी पडती, खाली उतरती, घडी होती, अन् लोखंडी पेटीत जाऊन बसती, पुढं कोणाच्या तरी खांद्यावर पडायची वाट बघत. माझ्या दुकानातली एक शाल मी वळखायचो, कोपऱ्याला शाईचा डाग होता. ती घनसावंगीला एका गुरुजींच्या निरोपाला गेली, तिथून अंबडला कोण्या डॉक्टरला पडली, तिथून राजूरला गणपतीच्या सभामंडपात एका पुढाऱ्याच्या अंगावर दिसली, अन् फिरत फिरत शेवटी माझ्याच अंगावर आली. जुना गिऱ्हाईक दारात आला की या, बसा म्हणतो, तसं मनातल्या मनात म्हणलं तिला. चहा घेता ना? घ्या घ्या, गाडीला टाइम हाये तुमच्या.

कार्यक्रम कशाचा म्हणलात? पोरींचा फुटबॉल? घनसावंगीला, तालुक्याचा? न्हाई न्हाई, हसलो न्हाई मी, ठसका लागला. चांगलं हाये. शाळेत नव्या दिसता तुम्ही, म्हणून म्हाईत नसंल — पोरींच्या फुटबॉलाचा माझ्याइतका अनुभवी माणूस तुम्हाला ह्या जिल्ह्यात सापडायचा न्हाई. चौथी पास माणूस मी, जे शिकलो ते गिऱ्हाइकाकडून शिकलो, पण फुटबॉलातलं मला समदं कळतं. आजवर एक बी मॅच पुरी बघितली न्हाई, ती गोष्ट वेगळी.

आमच्या जालन्यात नॅशनल झाल्ती, मॅडम. किल्लारीचा भूकंप झाला त्याच्या दुसऱ्या वर्षी, डिसेंबरात. बंगाल, केरळ, मणिपूर, कुठून कुठून पोरी आल्त्या. तुम्ही म्हणाल जालन्यात फुटबॉल कोण खेळतं? कोणीच न्हाई. म्हणून तर हितं आली. जिथं खेळणारे असतात तिथं संघटनेला काम असतं, काम असलं की भांडायला सवड नसती. आमच्या संघटनेला सवडच सवड, म्हणून अध्यक्ष दोन. सर्जेराव अन् धर्मराज. सख्खे मावसभाऊ. सर्जेराव म्हणे मी जुना अध्यक्ष, धर्मराज म्हणे मी खरा. जुना अन् खरा — ह्या दोन शब्दांवर आपल्याकडं पेढ्याची दुकानं चालतात, मंग संघटना का न्हाई चालायची? दोघांचे दोन मंडप, मैदानाच्या ह्या काठाला एक अन् त्या काठाला एक, समोरासमोर, लग्नात वरपक्ष-वधूपक्ष बसावा तसे. दोन भोंगे. एक म्हणे सुस्वागतम, दुसरा म्हणे हार्दिक स्वागत, अन् मधी पोरी, कोणाकडं बघून हात जोडावेत ते कळंना. बंगालच्या पोरी स्टेशनात उतरल्या तर बाहेर दोन बँड अन् दोन टेम्पो. पुढच्या दारातून उतरल्या त्या सर्जेरावानं उचलल्या, मागच्या दारातून उतरल्या त्या धर्मराजानं. संध्याकाळी त्यांची मास्तरीण रडायला लागली, पोरी पुऱ्या आणल्या अन् हाताशी अर्ध्याच. बाकीच्या गावाच्या दुसऱ्या टोकाला मंगल कार्यालयात जेवून राह्यल्या होत्या.

जेवणाचं तर सांगायलाच पाह्यजे. सेमीफायनलचा दिवस. सर्जेरावानं सकाळीच पंगत घातली — पुरणपोळी, वर तुपाची धार. ही बातमी धर्मराजाला कळली, त्यानं लगोलग दुसरी पंगत घातली, जिलबी-मठ्ठा. एकीकडं जेवून दुसरीकडं न जेवणं म्हंजे दुसऱ्याच्या इज्जतीचा पंचनामा. पोरी बिचाऱ्या दोन्हीकडं बसल्या. भाषा कळंना, म्हणून ताटावर हात आडवा धरायच्या, बस म्हणून. आता आपल्याकडं ताटावर आडवा हात धरला की त्याचा अर्थ काय? अजून वाढा. लाजून राह्यलीय, वाढा. जितका हात आडवा, तितकी जिलबी. वाढपी तर बोटांच्या फटीतून वाढत होते. दुपारी मॅच. एक पोरगी बॉलमागं निघाली ती मैदानाच्या मधोमध खालीच बसली. रेफ्रीला बी दोन पंगती झालेल्या, शिट्टी फुंकायला गेला की आधी ढेकर यायचा. तरी झाली एकदाची. कोण जिंकलं म्हणता? जिला भूक कमी होती ती.

महाराष्ट्र अन् बंगाल राहिले फायनलला. अन् महाराष्ट्राच्या टीमात एक पोरगी आपल्या हिकडची, नंदा. तुमच्या घनसावंगीच्याच अंगाची. बाप म्हस्कू, मेंढरं राखायचा. पोरगी गोलात उभी राहायची. कुठं शिकली? मेंढरांमागं. कोकरू कळपातून कुणीकडं बी सुटलं की ही आधीच तिकडं हजर असायची म्हणं, ते एका मास्तरानं बघितलं अन् उभी केली. फायनलच्या आदल्या दिवशी म्हस्कू हितं बसल्ता, तुम्ही बसलात तिथंच, मुंडासं मांडीवर घेऊन. म्हणला, शेठ, रेल्वेचा एक साहेब आला हाये. पोरीचा खेळ पटला तर नोकरीला घेतो म्हणला. राजूरकडचं एक स्थळ हाये, पोरगा ट्रॅक्टरवर हाये, ते पौष लागायच्या आधी हो का न्हाई ते विचारून राह्यले. मी पोरीला शब्द दिलाय — साहेबानं घेतलं तर लगीन राह्यलं, न्हाई घेतलं तर पुन्हा बॉलचं नाव काढायचं न्हाई. ती हो म्हणली. म्हणली, आबा, फक्त साहेब शेवटपोत्तर बसू द्या. मी म्हणलं म्हस्कू, काळजीच सोड, साहेबाला मी पुढल्या खुर्चीवर बसवतो, आपल्या शब्दाला दोन्ही मंडपात किंमत हाये. अन् होती ना. शाली कोण पुरवत होतं?

साहेबाची गाडी दिवस मावळतीची. फायनल तीनला. म्हंजे बिलकुल बराबर बसत होतं समदं, तीनला सुरू, पाचच्या आत खलास, साहेब आरामात स्टेशनात. फक्त मधी सत्कार होते. सत्कार आधीच करावे लागतात मॅडम, हे तुम्ही बी ध्यानात ठेवा — मॅच झाल्यावर पाहुणा थांबत न्हाई, अन् पाहुणा थांबला तर फोटोवाला थांबत न्हाई. सर्जेरावानं त्याच्या पाहुण्यांचा केला. मंग धर्मराजानं पाहुण्यांचा केला अन् वर पाहुण्यांच्या ड्रायव्हरचा. मंग ह्यानं मंडपवाल्याचा, त्यानं भोंगेवाल्याचा, ह्यानं मैदानावर पाणी मारलं त्या टँकरवाल्याचा. टँकरवाला तेवढ्यापुरता टँकरवरून उतरला, शाल घेतली, पुन्हा चढला. माझी हातगाडी दुकानातून मैदानावर, मैदानावरून दुकानात. मी काय केलं? काहीच न्हाई. मी फक्त ह्या मंडपात जाऊन सांगायचो की तिकडं आत्ताच वकिलाला फेटा बांधला. अन् त्या मंडपात जाऊन सांगायचो की हिकडं वकिलाच्या वडिलांना बी बांधून राह्यले. खरंच बांधून राह्यले होते. मी खोटं बोलत न्हाई, धंद्यात तर न्हाईच. बातमी सांगणं काय गुन्हा हाये?

पोरी मैदानात दोन रांगा करून उभ्या. आधी उन्हात उभ्या, मंग सावलीत, मंग वारं सुटलं — डिसेंबरचं आपलं वारं तुम्हाला म्हाईत हाये. अर्ध्या चड्ड्या, उघडे हात, अंगावर काटा. दातावर दात आपटताना दिसत होते. अन् त्यांच्यासमोर स्टेजवर शालींचा हा एवढा ढीग. एकीच्या खांद्यावर टाकावी असं कोणाच्या डोक्यात आलं न्हाई. कसं येईल? ती सत्काराची शाल.

साहेब बसल्ता पुढल्या खुर्चीवर, मी दिलेला शब्द पाळला. त्याचा दोनदा सत्कार झाला, दोन नारळ मांडीवर, डोक्यावर फेटा. घड्याळ बघायचा अन् फेटा सावरायचा. शेवटचा सत्कार तेवढा राह्यला होता. कोणाचा? होता एक जण. व्यापारी माणूस. दोन्ही अध्यक्षांनी मिळून केला — अख्ख्या स्पर्धेत त्या दोघांनी मिळून केलेलं एवढंच एक काम. ह्या खांद्याला सर्जेरावाची शाल, त्या खांद्याला धर्मराजाची, अन् धर्मराजाची ती कोणती तर शाईच्या डागाची. मंग दोन शब्द बोला म्हणून त्याच्या हातात माईक दिला. अन् तो बोलला, चांगलं बोलला. लोक खुर्च्या पुढं ओढून ऐकत होते. डोक्यावर गाठोडं घेऊन गावोगाव कापड विकायचो ते सांगितलं, जांबला रामनवमीच्या जत्रेत पयलं लुगडं विकलं ते सांगितलं, त्या बाईनं घरी जाऊन धुतलं अन् रंग गेला म्हणून काठी घेऊन आल्ती ते सांगितलं, मंग अंगावरच्या शालीचा शाईचा कोपरा वर करून दाखवला — लोक असे हसले मॅडम, सर्जेराव अन् धर्मराज एकमेकांच्या मांडीवर हात मारून राह्यले होते, ती गोष्ट पुन्हा सांगा म्हणले, मी पुन्हा सांगितली —

हां. मीच. मीच होतो तो. लपवायचं काय त्यात, सत्कारच झाला होता, चोरी न्हाई केली.

मधी एकदा मैदानाच्या काठाकडं नजर गेली माझी. म्हस्कू उभा होता. त्यानं माझ्याकडं बघून हात केला. असा, आडवा. अन् आडवा हात म्हंजे आपल्याकडं —

मी अजून एक किस्सा सांगितला.

शिट्टी झाली तेव्हा दिवस टेकला होता. बॉल दिसत होता, पण पाय कोणाचा ते दिसत न्हवतं. समदा खेळ त्या अंगाला, बंगालच्या गोलापुढं. नंदा हिकडच्या गोलात उभी, नुसती उभी, हात गुडघ्यावर टेकून. एक बी बॉल तिच्याकडं आला न्हाई. साहेब उठला, फेटा तसाच डोक्यावर, नारळ खुर्चीवर सोडले, रिक्षात बसला. जाता जाता माझा हात धरून म्हणला, भाषण अच्छा था. मंग पुढं अंधारात आला असंल एखादा बॉल तिच्याकडं, तिनं धरला बी असंल. कोणाला दिसतो? शेवटी दोन्ही टीमा जिंकल्या म्हणून सांगितलं. कप कोणी द्यायचा म्हणून दोघं अध्यक्ष उठले, ह्यानं एक कान धरला, त्यानं दुसरा. एक कान निघून हातात आला. तो कान सर्जेरावाच्या शोकेसमधी हाये, बाकीचा कप धर्मराजाच्या. अजून बी दोघं सांगतात की नॅशनलचा कप आमच्याकडं हाये.

पोरीचं काय म्हणता? काय व्हायचं. लगीन झालं. बस्ता माझ्याच दुकानातून गेला, दुसरीकडं कशाला जातील, म्हस्कू जुना गिऱ्हाईक. समदं गोत बसल्तं हितं लुगडी निवडत. म्हस्कू मला मानाच्या शाली दाखवा एवढंच म्हणला. ती त्या खांबाला टेकून उभी, डोक्यावर पदर. मी माळ्यावरच्या गड्याला आवाज दिला, शालींचा गठ्ठा टाक म्हणून — आमच्यात वरून टाकतात, खाली झेलतात, रोजचंच हाये ते. गड्याचा नेम हुकला. गठ्ठा निघाला तो सरळ ह्या काचेच्या शोकेसवर. मी डोळे झाकून घेतले, अन् झाकता झाकता बघितलं — मॅडम, ती खांबापासून कधी निघाली ते मला दिसलंच न्हाई. आडवी, हवेत. लुगड्यात. दोन्ही पंजात गठ्ठा, तो छातीशी ओढून खांद्यावर पडली, लोळली, उठली. गठ्ठा माझ्यापुढं ठेवला, ह्या हितं. पदर सारखा केला अन् पुन्हा खांबाला टेकली. काचेला धक्का न्हाई. बाया लुगडी धरून तशाच बसल्या. कोणी टाळी वाजवली न्हाई, बस्त्यात कोण टाळी वाजवतं? मी तोंड उघडलं. मला — एवढा बोलणारा माणूस मी, मला दोन शब्द आले न्हाईत.

तेवढाच बघितला मी तिचा खेळ. पयला अन् शेवटचा. साहेब असता त्या दिवशी हितं बसलेला, तर —

जाऊ द्या. धंद्याचं बोलू. पाहुणे किती धरले तुम्ही? सरपंच, सभापती, बीडीओ, हे तर आलेच. उभ्या का राह्यल्या? बसा की. गाडी? कोणती गाडी? ती घनसावंगीची… अरे हो. ती गेली असंल आता. मी म्हणलं होतं ना टाइम हाये. म्हणलं होतं मी. अन् तुमच्या पोरी तिकडं मैदानावर थांबल्यात? कवाच्या?

ठेवा ती शाल. खाली ठेवा. न्हाई मॅडम, शाली न्हाईत. ह्या नुसत्या मांडून ठेवलेल्या दिसतात तुम्हाला. संपल्या. बाजारात दुसरीकडं बी विचारू नका, समदीकडं संपल्यात. समोरच्या दुकानात चुना मिळतो, मैदान आखायला लागंल, तेवढा घ्या, अन् चौकात जीप भरून राह्यली असंल, ती धरा. निघा, उजेड हाये तवर.

चहा? राहू द्या तो. आग्रह न्हाई.